बंदिश कुणाची, पद कुणाचं? रिलीजआधी एवढं कळवा

तुमचं रेकॉर्डिंग स्ट्रीमिंगवर चढवताना आमच्या फॉर्मात सर्वांत जास्त चुकतो तो 'कंपोझर'चा रकाना. कुणी तिथे स्वतःचं नाव घालतं, कुणी 'पारंपरिक' लिहून मोकळं होतं.

ख्यालातला आलाप आणि ताना तुमच्या, हे मान्यच. पण बंदिश, म्हणजे ख्यालातली शब्द-सुरांची ठरलेली रचना, ज्याने बांधली, रकान्यात नाव त्याचंच. आधी मुद्रा, म्हणजे रचनाकाराने बंदिशीच्या शब्दांत गुंफलेलं टोपणनाव, बघा. 'प्रेमपिया' म्हणजे फैयाज खाँ, 'गुणिदास' म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित, 'रामरंग' म्हणजे रामाश्रय झा. 'सदारंग' दिसलं तर मात्र थांबा. नियामत खाँची ही मुद्रा नंतरच्यांनीही आपल्या रचनांत घातली आहे, तेव्हा गुरुजींना विचारून घ्या. आणि बंदिश भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिका' या बंदिशींच्या संग्रहात सापडली म्हणून ती त्यांची होत नाही. बहुतेक त्यांनी जमवून स्वरलिपीत उतरवलेल्या आहेत. 'चतुर' मुद्रेच्या मात्र त्यांच्या. सगळं शोधूनही नाव लागलं नाही, तरच 'पारंपरिक'.

नाट्यपदाला दोन नावं लागतात. 'स्वयंवर'मधल्या 'नाथ हा माझा'चे शब्द खाडिलकरांचे, चाल भास्करबुवा बखल्यांची. 'घेई छंद मकरंद' वसंतराव देशपांड्यांनी घराघरांत पोहोचवलं, पण शब्द दारव्हेकरांचे आणि संगीत जितेंद्र अभिषेकींचं. गाजवणारा आणि रचणारा यांची गल्लत इथेच होते.

यात पैशांचा प्रश्नही आहे. आपल्याकडे रचनाकाराच्या निधनानंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. बखले 1922 साली गेले, खाडिलकर 1948 साली. म्हणून 'नाथ हा माझा'ला परवाना नको. अभिषेकी 1998 साली गेले, म्हणून त्यांच्या चालींना 2058च्या अखेरपर्यंत परवाना हवा. शब्दांची मुदत वेगळी मोजायची. मुदत संपली तरी नाव मात्र द्यायचंच.

'अरेंजर' म्हणजे संगीत संयोजक. तबला-पेटीचे साथीदार अरेंजर नव्हेत, त्यांची नावं वादकांत लिहा. बासरी-व्हायोलिनचे तुकडे कुणी बांधून दिले असतील तर अरेंजर ते. त्यांना कंपोझरच्या रकान्यात बसवू नका.

प्रत्येक नावाचं इंग्रजी स्पेलिंग दर वेळी तेच ठेवा, नाहीतर एकाच माणसाची दोन पानं तयार होतात. जुनंच रेकॉर्डिंग पुन्हा आणत असाल तर त्याचा जुना आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, सोबत पाठवा. नवा घेऊ नका.