प्रयोगप्राण्यांचे पशुवैद्य (नवी मुंबई)

संशोधनासाठी ठेवलेल्या प्राण्यांचे आरोग्य आणि वेदनाशमन सांभाळणारा, गरज पडल्यास त्यांना यातनेविना मृत्यू देणारा पशुवैद्य. खारघरला टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही कर्करोग संशोधन संस्था आहे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एमआयडीसीत औषध व जैवतंत्रज्ञान कंपन्या आहेत. त्यामुळे नवी मुंबईत या कामाची गरज कायमची आहे.

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्रयोगांना मनाई करत नाही, पण मर्यादा घालतो. शस्त्रक्रिया भूल देऊनच व्हावी. त्या वेळी प्राण्याला इतकी इजा झाली, की शुद्धीवर आल्यास त्याचे हालच होतील, तर भुलीतच त्याचा शेवट करावा. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये. नुसता हात बसावा म्हणून प्रयोग करू नयेत. १९९८ च्या नियमांनुसार प्रत्येक प्रयोग संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीपुढे येतो आणि या समितीत पशुवैद्य असावाच लागतो.

कर्करोगाच्या अभ्यासात त्याची खरी कसोटी लागते. तिथे वापरल्या जाणाऱ्या बिनकेसांच्या ‘न्यूड’ उंदरांची प्रतिकारशक्ती फार दुबळी असते. माणसाच्या कर्कपेशी त्यांच्या अंगात वाढतात त्या त्यामुळेच. म्हणून त्यांचा पिंजरा, अन्न, पाणी सगळे निर्जंतुक लागते. दुसऱ्यांची शिकार होणारा हा जीव दुखणे लपवतो. तो निशाचर असल्याने दिवसा निपचित पडलेला उंदीर झोपलाय की आजारी आहे, हे चटकन कळत नाही. अशा वेळी घरटे पाहावे. घरटे करायला रात्री दिलेला कागद सकाळी तसाच पडलेला असेल, तर काहीतरी बिनसले आहे. मिटत आलेले डोळे, कान आणि मिशा यांची ठेवण पाहून वेदना मोजण्याची पद्धत २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. गाठ सुमारे २ सेंटिमीटर झाली किंवा वजन २० टक्के घटले, की साधारणपणे प्रयोग थांबवून उंदराला यातनेविना मृत्यू दिला जातो. ही मर्यादा आधीच लिहून ठेवलेली हवी. निकाल हाताशी आला असताना ‘आणखी दोन दिवस’ मागणाऱ्या संशोधकाला नाही म्हणणे हेच या पदाचे सर्वांत मोठे काम आहे.

प्राण्यांची रोजची पाहणी पशुवैद्यानेच करावी असे बंधन नाही, पण पाहणाऱ्याचा त्याच्याशी सतत संपर्क हवा. प्रत्यक्षात पिंजरे बदलणाऱ्या सेवकालाच बदल आधी दिसतो. त्याचे शब्द मनावर घेणारा पशुवैद्य चांगला.

मार्गदर्शक सूचनांनुसार प्राण्यांच्या खोल्यांत तापमान १८ ते २९ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के हवी. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात बाहेरची हवा ही आर्द्रता सहज ओलांडते; खाद्याला बुरशी धरते, पिंजऱ्यातल्या ओल्या भुशात अमोनिया साठतो. म्हणून हवा कोरडी ठेवणारी यंत्रे आणि जनरेटर यांची चौकशीही पशुवैद्याच्याच फेरीत येते.

कुत्र्यांसारख्या मोठ्या प्राण्यांचे प्रयोगानंतर पुनर्वसन करावे लागते. तो खर्च संशोधनाच्या खर्चातच धरायचा असतो.