लाव्हाझिएच्या यादीतली ३३ मूलद्रव्यं

फ्रेंच रसायनज्ञ आंत्वान लाव्हाझिए यांचं रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक १७८९ साली पॅरिसमध्ये निघालं. त्यात ३३ ‘साध्या पदार्थां’ची यादी होती. कसोटी एकच: आजवर कुणालाही ज्याचं विघटन करता आलेलं नाही, ते तूर्तास मूलद्रव्य. उद्या कुणी फोडून दाखवलं, तर नाव खोडायचं.

विघटन झालं की नाही, हे ठरवायचं वजनावरून. त्याआधीचे बहुतेक रसायनज्ञ धातूचं भस्म साधं आणि धातू संयुक्त मानत. धातू तापवला की त्यातलं ‘फ्लॉजिस्टन’ उडून जातं, उरतं ते भस्म, अशी समजूत. पण भस्म धातूपेक्षा जड भरतं. काही निघून गेल्यावर वजन वाढेल कसं?

लाव्हाझिए यांनी लांब, वाकड्या मानेच्या चंबूत ४ औंस पारा घेतला. मानेचं टोक पाऱ्याच्या परातीवर पालथ्या घातलेल्या काचेच्या हंडीत नेलं. आतली हवा सुमारे ५० घनइंच. पारा उकळीच्या आसपास ठेवून भट्टी १२ दिवस चालली. दुसऱ्या दिवसापासून पाऱ्यावर लाल कण दिसू लागले. शेवटी हवा उरली ४२-४३ घनइंच, आणि तिच्यात मेणबत्ती विझत होती. जमलेलं ४५ ग्रेन लाल भस्म आणखी जास्त तापवल्यावर ४१.५ ग्रेन पारा परत मिळाला आणि ७-८ घनइंच वायू निघाला. त्यात मेणबत्ती झगझगीत पेटली. हाच ऑक्सिजन. म्हणजे पारा साधा, भस्म संयुक्त.

पाऱ्याची निवड अचूक होती. लोखंडाचा गंज नुसत्या आचेवर ऑक्सिजन असा सोडत नाही, त्याला कोळसा लागतो, आणि मग हाती ऑक्सिजनऐवजी कार्बन डायऑक्साइडसारखा वायू येतो. हवेतला ऑक्सिजन मात्र या प्रयोगात पूर्ण संपला नव्हता. तो पंचमांश असतो, इथे घट षष्ठांशाच्या आसपासच भरली. (पाऱ्याची वाफ विषारी असते, हा प्रयोग घरी करायचा नाही.)

यादीतली २३ नावं आजही मूलद्रव्यंच आहेत, त्यांतली १७ त्यांनी धातूंत धरली होती. पहिली दोन नावं मात्र प्रकाश आणि उष्णता! त्यांना वजनच नाही, मग तराजू काय सांगणार? चुनकळी, मॅग्नेशिया, बॅरायटा, अ‍ॅल्युमिना आणि सिलिका या पाच ‘माती’ही (खनिजांतले मातीसारखे पदार्थ) मूलद्रव्यांत बसल्या. याही धातूंची भस्मंच असाव्यात, असा संशय त्यांनी लिहून ठेवला होता, पण त्या फोडण्याइतकी आच कुणाकडेच नव्हती. सोडा आणि पोटॅश हे अल्कली पदार्थ तर त्यांनी यादीत घेतलेच नाहीत. ते उघडच संयुक्त आहेत, असं त्यांचं मत होतं. पुरावा नसताना केलेला हा अपवाद त्यांच्याच कसोटीत बसत नाही, पण तो बरोबर निघाला. १८०७ साली लंडनमध्ये इंग्रज रसायनज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडली आणि त्यातून पाऱ्यासारखे चकाकते पोटॅशियम या धातूचे थेंब बाहेर पडले. पुढच्याच वर्षी त्यांनी विजेनेच चुनकळी, मॅग्नेशिया आणि बॅरायटाही फोडले.