राउटरचा वायफाय रेडिओ बंद पडणे

राउटरचे दिवे लागलेले आहेत, केबलने जोडलेल्या संगणकावर इंटरनेट येते आहे, पण फोनच्या यादीत घरच्या नेटवर्कचे नावच नाही, किंवा नाव दिसते पण जोडणी टिकत नाही, अशा वेळी बिघाड राउटरच्या रेडिओत, म्हणजे वायफायचे संकेत पाठवणाऱ्या आणि पकडणाऱ्या भागात, शोधावा लागतो. बोलताना सगळ्यालाच ‘वायफाय गेलं’ म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. रस्ता खोदताना फायबर तुटली तरी वायफाय गेलं, रिचार्ज संपला तरी वायफाय गेलं. या दोन्ही वेळी रेडिओ ठणठणीत असतो. फोन राउटरला जोडलेला दिसतो, फक्त पुढे इंटरनेट नसते.

वायफायचे पहिले मानक, ८०२.११, १९९७ साली आले. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ (म्हणजेच २.४ गिगाहर्ट्झ) हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ खुले झाले. आजच्या घरगुती राउटरमध्ये म्हणूनच बहुधा दोन रेडिओ असतात, प्रत्येक पट्ट्यासाठी एक, आणि बऱ्याच राउटरांत ते वेगवेगळ्या चिपवर असल्याने एक गेला तरी दुसरा चालू राहतो. दोन्हींना एकच नाव दिलेले असेल तर ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ मेलेला महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. हल्ली नेट जरा स्लो झालंय, एवढीच तक्रार असते.

निदानाला लॅन केबल लागते. राउटरच्या खोक्यात आलेली ती हातभर केबल नेमकी गरजेच्या वेळी सापडत नाही, हा भाग वेगळा. ती जोडून ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता उघडायचा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर छापलेला असतो. वायरलेसच्या पानावर रेडिओ ‘बंद’ दिसला तर बिघाड नाहीच, कुणीतरी तो बंद केला आहे. काही राउटरांच्या मागे किंवा बगलेत वायफायचे छोटे बटण असते. धूळ पुसताना ते दाबले जाते. मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत लावलेले रात्रीचे वेळापत्रक परीक्षा संपल्यावरही तसेच राहते. हौशी मंडळी ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली टाकतात, तिच्यात तर रेडिओ मुळातच बंद ठेवलेला असतो, आपण चालू करायचा. हे न कळल्याने चांगला राउटर बाद ठरवणारे कमी नाहीत.

रेडिओ चालू आहे पण फोनला ऐकू येत नाही, हा दुसरा प्रकार जास्त फसवा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १३ चॅनेल (पट्ट्याचे क्रमांक दिलेले भाग) वापरता येतात; अमेरिकेत विकलेली उपकरणे बहुधा ११ पर्यंतच पाहतात. राउटरने आपोआप १३ वे चॅनेल निवडले की घरातले सगळे फोन चालतात आणि सुट्टीवर आलेल्या भाच्याच्या लॅपटॉपला मात्र नेटवर्क दिसत नाही. ५ गिगाहर्ट्झमध्ये अडचण रडारची. त्यातली काही चॅनेल रडारही वापरतात, त्यामुळे तिथे प्रक्षेपण सुरू करण्याआधी राउटरला किमान एक मिनिट नुसते ऐकत बसावे लागते, आणि रडारचा संकेत मिळाला (किंवा मिळाल्याचा भास झाला) की ते चॅनेल सोडून अर्धा तास तिकडे फिरकता येत नाही. मध्येच नाव गायब होऊन पुन्हा उगवते ते अनेकदा यामुळे. चॅनेल ३६ ते ४८ पैकी एक कायम केले की हा त्रास थांबतो.

खरा हार्डवेअरचा दोष ओळखायची सोपी रीत आहे. संकेताची ताकद दाखवणारे ॲप फोनवर उघडून फोन राउटरपासून हातभर अंतरावर धरावा. आकडा उणे ३० ते उणे ४० डीबीएमच्या (संकेताची ताकद मोजायचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका संकेत जोरदार) आसपास हवा. इतक्या जवळूनही उणे ७५ येत असेल आणि पलीकडच्या खोलीत नाव नाहीसे होत असेल, तर संकेत जोरदार करणारा ॲम्प्लिफायर तरी गेला आहे किंवा अँटेनाची आतली बारीक वायर सुटली आहे. वायर डाग देऊन जोडता येते. ॲम्प्लिफायर बदलणे स्वस्त राउटरला परवडत नाही.

ॲडॉप्टरकडे मात्र फार कमी लोक बघतात. जुना ॲडॉप्टर मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दाखवतो, पण दोघांनी एकदम व्हिडिओ लावले आणि रेडिओ जास्त वीज ओढू लागला की दाब कोसळतो. रेडिओ बसतो किंवा राउटरच पुन्हा सुरू होतो. तेवढ्याच व्होल्टचा, तितक्या किंवा अधिक अँपिअरचा आणि त्याच ध्रुवतेचा (पिनेवरचे अधिक-उणे तसेच असलेला) दुसरा ॲडॉप्टर लावून पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी. दुपारी बंद आणि रात्री चालू, असे होत असेल तर संशय उष्णतेवर घ्यावा. सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर, टीव्हीच्या बंद कपाटात ठेवलेला राउटर बाहेर काढला की पुष्कळदा तेवढ्यावर भागते.

चुकीचे फर्मवेअर (राउटर चालवणारी आतली प्रणाली) टाकल्याने होणारे नुकसान वेगळ्या जातीचे असते. प्रत्येक राउटरच्या रेडिओची जुळणी कारखान्यात मोजून फ्लॅश मेमरीच्या एका कोपऱ्यात लिहिलेली असते. तो कोपरा पुसला गेला तर केबलवर सगळे चालते, रेडिओ मात्र उठत नाही किंवा अगदी अशक्त उठतो. आधी प्रत काढून ठेवली नसेल तर ती जुळणी परत मिळवणे जवळजवळ अशक्य, कारण दुसऱ्या राउटरची उसनी घेतलेली जुळणी नीट बसत नाही.

पिन खुपसून १० सेकंद दाबायचे फॅक्टरी रीसेट लोक सर्वांत आधी करतात. ते सर्वांत शेवटी करावे. त्यात सेवा पुरवठादाराचे युजरनेम आणि पासवर्डही पुसले जातात, आणि ते माहीत नसतील तर वायफाय गेले होते त्याच्या जोडीला इंटरनेटही जाते.

रेडिओ खरेच मेला असेल तरी राउटर टाकून द्यायचे कारण नाही. घरात पडलेला दुसरा जुना राउटर लॅन ते लॅन केबलने त्याला जोडून फक्त वायफायपुरता वापरता येतो. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर या जुन्या राउटरला १९२.१६८.१.२ पत्ता द्यायचा आणि त्याचा डीएचसीपी, म्हणजे जोडलेल्या उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय, बंद करायचा. ते राहून गेले तर एकाच घरात दोन ठिकाणांहून पत्ते वाटले जातात, आणि कधी याचा फोन चालतो तर कधी त्याचा.