बटुग्रह आणि गोल खगोलांची परिभाषा

स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झालेल्या, पण तारा नसलेल्या खगोलांना मराठीत ग्रह, बटुग्रह किंवा उपग्रह म्हणतात. तिघांना कवेत घेणारा एकच शब्द अजून रुळलेला नाही. ही उणीव जाणवते, कारण खगोल मुळात कसा आहे यापेक्षा तो कोणाभोवती व कोणाच्या सोबतीने फिरतो यावर ही नावे ठरतात.

गोलपणा येतो तो वजनामुळे. लहान धोंड्याचा आकार दगडाच्या कणखरपणाने टिकतो. वस्तुमान वाढत गेले की उंचवटे स्वतःच्याच भाराने खचतात, खळगे भरून येतात आणि आतला दाब सगळीकडून तोलला जातो. याला द्रवस्थितिक समतोल म्हणतात. बर्फ खडकापेक्षा लवकर नमतो. म्हणून शनीचा बर्फाळ उपग्रह मिमास जेमतेम ३९६ किमी व्यासाचा असूनही गोल आहे, तर सुमारे ५२५ किमीची खडकाळ वेस्टा (एक लघुग्रह) तशी नाही. वेस्टाच्या दक्षिण ध्रुवाजवळ सुमारे ५०० किमी रुंदीचे आघातविवर आहे. जवळजवळ तिच्या व्यासाएवढ्या या खड्ड्यामुळे तिचा तळ खरवडून काढल्यासारखा दिसतो. पण नेपच्यूनचा प्रोटियस मिमासहून थोडा मोठा असूनही ओबडधोबड राहिला आहे. एवढ्या किलोमीटरला गोलपणा सुरू होतो, अशी पक्की रेघ ओढता येत नाही.

शिवाय गोल म्हणजे चेंडूसारखा असेही नाही. हौमेआ हा बटुग्रह चार तासांच्या आत स्वतःभोवती एक फेरी मारतो आणि त्या वेगाने लांबुळका झाला आहे. शनीच्या आयापेटसला आज एका फेरीसाठी ७९ दिवस लागतात, पण त्याचा चपटेपणा सुमारे १६ तासांच्या फेरीला शोभणारा आहे. पूर्वीच्या वेगवान फिरण्याची खूण त्याच्या अंगावर गोठून राहिली आहे.

१ जानेवारी १८०१ रोजी इटलीतल्या पालेर्मोत खगोलशास्त्रज्ञ पियात्सीने शोधलेला सेरेस आधी ग्रह म्हणून मिरवला, मग लघुग्रहांत गेला. २००५ मध्ये प्लूटोच्या तोडीच्या एरिसचा शोध जाहीर झाल्यावर व्याख्या करणे भागच पडले. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने ग्रहासाठी तीन अटी घातल्या: सूर्याभोवती फिरणे, जवळपास गोल असणे आणि आपल्या कक्षेचा परिसर इतर खगोलांपासून मोकळा केलेला असणे. पहिल्या दोन पाळणारा, तिसरी न पाळणारा आणि उपग्रह नसलेला तो बटुग्रह. सेरेस, प्लूटो, एरिस आणि २००८ मध्ये भर पडलेले हौमेआ व माकेमाके हे संघटनेने मान्य केलेले पाच बटुग्रह.

‘बटू’ म्हणजे मुंजीतला मुलगा, आणि वामनावतारामुळे ठेंगणाही. शब्द गोड आहे, पण समास सोडवला तर ‘बटू असा ग्रह’ होतो, आणि व्याख्येनुसार तर तो ग्रहच नव्हे. ‘उपग्रह’ या शब्दात कृत्रिम उपग्रहही येतात, म्हणून ‘गुरूचे चंद्र’ असे लिहिण्याची पद्धत पडली. ती सोयीची आहे. मात्र ‘उप’ ऐकून लहानपणा गृहीत धरू नये. गुरूचा गॅनिमीड ५,२६८ किमीचा, तर बुध हा ग्रह ४,८७९ किमीचा.

नावांची अडचण सर्वांत स्पष्ट दिसते ती ट्रायटनमध्ये. २,७०७ किमी व्यासाचा हा खगोल नेपच्यूनभोवती उलट दिशेने फिरतो. त्यावरून तो क्युपर पट्ट्यातून, म्हणजे नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ खगोलांच्या पट्ट्यातून, ओढला गेला असावा, असे मानले जाते. तिथेच राहिला असता तर २,३७७ किमीच्या प्लूटोहून मोठा बटुग्रह ठरला असता. आज तो उपग्रह आहे. व्हॉयेजर-२ या अंतराळयानाने १९८९ मध्ये त्याच्यावर नायट्रोजनचा बर्फ आणि कित्येक किलोमीटर उंच उडणारे काळपट फवारे टिपले. नायट्रोजनचा तसाच बर्फ २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यानाला प्लूटोवरच्या विस्तीर्ण मैदानात दिसला.