करपण्याआधी उतरवायचं

सेंद्रिय पदार्थ जाळायला अक्कल लागत नाही. एकदा पेटला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होईपर्यंत ऑक्सिजन त्याला सोडत नाही. खरी कसोटी असते ती मध्येच थांबवण्यात.

इथिलीन या दोन कार्बनच्या वायूपुरतं हे चांदीने साधलं. तापलेल्या चांदीवरून इथिलीन आणि हवा सोडली, तर पुष्कळशा रेणूंना ऑक्सिजनचा एकेकच अणू चिकटतो, हे फ्रान्सच्या थिओडोर लफोर यांनी १९३१ मध्ये दाखवलं. असं होणारं इथिलीन ऑक्साइड आजही चांदीवरच बनतं. पण एक कार्बन जास्त असलेलं प्रोपिलीन चांदीला जुमानत नाही. त्याच्या तिसऱ्या कार्बनवरचे हायड्रोजन सैल बांधलेले असतात. चांदीवरचा ऑक्सिजन आधी त्यांनाच ओढतो आणि मग सगळा रेणूच जळून जातो.

गादीतल्या फोमसाठी प्रोपिलीन ऑक्साइड तर हवंच. म्हणून कारखाने क्लोरीन आणि चुन्याच्या आडवाटेने जात राहिले. त्या वाटेवर एक टन मालामागे जवळपास दोन टन कॅल्शियम क्लोराइड सांडपाण्यात जातं!

उत्तर इटलीतून आलं. तारामासो, पेरेगो आणि नोतारी यांच्या १९८३ च्या अमेरिकी पेटंटात 'टीएस-१' नावाची पांढरी भुकटी आहे. म्हटलं तर ती वाळूच, म्हणजे सिलिका. पण तिच्या स्फटिकात मिलिमीटरच्या जेमतेम वीस लाखाव्या भागाएवढे रुंद बोगदे असतात आणि सिलिकॉनच्या काही मोजक्या जागी टायटॅनियम बसलेलं असतं. हे अणू एकमेकांपासून लांब असणं फार महत्त्वाचं. हायड्रोजन पेरॉक्साइड (जखमेवर फेसाळणारं तेच) टायटॅनियमला येऊन बिलगतं, ऑक्सिजनचा एक अणू प्रोपिलीनच्या दोन कार्बनमधल्या दुहेरी बंधावर ठेवतं आणि स्वतः पाणी होऊन निघून जातं. भट्टी लागत नाही, मिश्रण कोमट असलं तरी चालतं. शिवाय बोगद्यांच्या भिंतींना पाण्याचं वावडं असल्यामुळे टायटॅनियम पाण्याने वेढलं जात नाही. मला यातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही या भुकटीवर बरंच काम झालं आहे.

दक्षिण कोरियात उल्सान इथे २००८ मध्ये या पद्धतीचा मोठा कारखाना सुरू झाला. अडचण उरते ती पेरॉक्साइडची. ते महाग, आणि विकत मिळतं ते बरंच पाणी घालूनच. त्यामुळे बेल्जियममधल्या अँटवर्पच्या प्रकल्पात पेरॉक्साइडचा कारखाना शेजारीच बांधला. टँकर भरभरून पाण्याचं भाडं कोण भरत बसणार?