क्रॉस नवा, तरी थरथर तीच?

प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे टोकाचा वळता सांधा, बदलूनही थरथर गेली नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गाडीचे आम्ही आधी कोन मोजतो. क्रॉस नंतर बघतो.

क्रॉसच्या दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका रेषेत असले की फिरणं एकसारखं राहतं. कोन पडला की पुढचा शाफ्ट एकाच वेगाने फिरत असतानाही मागचा दर फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा रेंगाळतो. १० अंशांच्या कोनात वेग सुमारे दीड टक्का वर-खाली होतो. ३० अंशांत मात्र कधी १५ टक्के जास्त, तर कधी १३ टक्के कमी! कोन तिप्पट, त्रास नऊ-दहापट.

तरी गाडी सुरळीत चालते, कारण शाफ्टच्या एका टोकाच्या क्रॉसने केलेली गडबड दुसऱ्या टोकाचा क्रॉस निस्तरतो. त्यासाठी दोन्हीकडचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉसला धरणारे दुबेळके) एकाच दिशेत हवेत. स्प्लाइन (शाफ्टचे दोन भाग जोडणारे दाते) एक दात चुकून बसली तरी हा मेळ बिघडतो. म्हणून शाफ्ट खोलण्याआधी खूण करा. मिनिटभराचं काम आहे, पण तेच नेमकं राहून जातं.

गाडी उंच केली, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवले किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग (त्याखालचा रबरी आधार) दबलं, की कोन बदलतात. पाट्याखाली पाचर घालून पिनियनचा (मागच्या ॲक्सलमध्ये शाफ्ट जोडतो त्या गिअरचा) कोन जुळवता येतो. साधारणपणे कोन तीन अंशांच्या आत ठेवावा. पण ‘अगदी शून्य करून द्या’ म्हणू नका: शून्यावर सुई-बेअरिंग जागची हलत नाहीत आणि क्रॉसवर खड्डे पाडतात.

स्टिअरिंगच्या मधल्या, क्रॉस असलेल्या शाफ्टचंही तसंच. मेळ चुकला की स्टिअरिंगचं चाक एका फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलकं लागतं, आणि संशय उगाच पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर जातो. पुढची चाकं उचलून स्टिअरिंग हळूहळू फिरवून पाहा. जडपणा सावकाश चढत-उतरत असेल तर कोन किंवा योकची दिशा तपासायला हवी. मध्येच अडकत असेल, किंवा वळण संपल्यावर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नसेल, तर क्रॉस कोरडा पडून जाम झालेला असू शकतो. अशी गाडी चालवत आणू नका.

मोजणीला येताना नेहमीचा माल भरूनच या. रिकाम्या गाडीचे पाटे उचललेले असतात आणि कोन वेगळेच दिसतात. थरथर कोणत्या वेगाला सुरू होते आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर थांबते का, तेही सांगा.