कीटनची खिडकी, लॉइडचं घड्याळ आणि गुरुत्वाकर्षणाचा हिशेब

‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (1928) या मूकपटात वादळात सापडलेल्या विनोदवीर बस्टर कीटनच्या अंगावर घराची अख्खी दर्शनी भिंत कोसळते. माळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्यावरून जाते आणि तो जागच्या जागी उभा राहतो. कॅमेऱ्याची चलाखी यात काहीही नाही. अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोमध्ये खरी, जड भिंत खरोखरच पाडली होती.

कृती कीटनने पुढे मुलाखतीत सांगितली. आधी भिंतीचा सांगाडा केला आणि खालच्या बिजागऱ्या पक्क्या केल्या. मग सांगाडा जमिनीवर आडवा पाडून, त्यात कीटनला उभं करून त्याच्याभोवती खिडकी आखली. खांद्यांना, डोक्याला आणि टाचांना जेमतेम दोन-दोन इंचांची मोकळीक ठेवली. टाचांच्या जागी जमिनीत मोठे खिळे ठोकले आणि मग भिंत उभी करून बाकीचं बांधकाम पुरं केलं. वादळासाठी लावलेल्या पंख्यांच्या वाऱ्याने भिंत पिळवटली असती तर दोन इंचांना काही अर्थ उरला नसता. म्हणून ती हलकी ठेवून चालणार नव्हतं.

सगळ्यात हुशारीची गोष्ट सहसा नजरेतून सुटते. तळमजल्याच्या वरच्या मजल्याची खिडकी साधारण 12 फुटांवर असते. कीटनने उंच, उतरतं छप्पर घेऊन ती 18 फुटांवर नेली. का? बिजागरीवर फिरणारी भिंत सरळ खाली येत नाही, वर्तुळाच्या कंसात येते. म्हणून डोक्यावरून जाणारा भिंतीचा बिंदू आणि टाचेजवळ टेकणारा बिंदू एक नसतात. कीटनची उंची सुमारे 165 सेंटिमीटर. बिजागरीपासून 12 फुटांवर (3.66 मीटर) उभं राहिल्यास काटकोन त्रिकोणाच्या गणिताने या दोन बिंदूंत 35 सेंटिमीटरचा फरक पडतो. 18 फुटांवर (5.5 मीटर) तोच 24 वर येतो. भिंत जास्त सपाट होऊन डोक्यापाशी पोहोचते आणि खिडकी लहान ठेवता येते. लहान खिडकीतच तर प्रसंगाची मजा आहे! खिडकीच्या बरोबर मध्यावर पाय रोवून उभा राहणारा मात्र फसेल, कारण डोकं वरच्या कडेकडे जातं. टाचा खालच्या कडेला लागून हव्यात.

भिंत 7.5 मीटर उंच धरली आणि हवेचा रोध सोडला, तर डोक्याशी तिचा वेग ताशी 34 किलोमीटरच्या आसपास येतो. तिथून जमिनीवर टेकेपर्यंत जातात 0.16 सेकंद. इतक्या वेळात माणूस दचकेल फार तर, सरकू शकणार नाही. खिळे त्यासाठीच होते.

‘द जनरल’ (1926) मधला प्रसंग दिसायला शांत, पण हिशेबाने याहून वाईट. प्रेयसीने झिडकारलेला कीटन वाफेच्या इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो आणि इंजिन चालू लागतं. दांडा वरखाली होतो पण कधी तिरका होत नाही. त्याचा प्रत्येक बिंदू सारख्याच आकाराच्या वर्तुळात फिरतो, म्हणून बसलेला माणूस कलंडत नाही. या वर्तुळाची त्रिज्या 30 सेंटिमीटर धरू. चाक चार सेकंदांत एक फेरा घेत असेल तर बसणाऱ्याला मिळणारं त्वरण गुरुत्वाच्या दहाव्या भागाहूनही कमी. सेकंदाला जवळजवळ एक फेरा झाला की वरच्या टोकाला बैठक अंगाखालून निसटते. आणि चालकाने वाफ जास्त सोडून चाकं रुळावर जागच्या जागी घसरली, समजा सेकंदाला तीन फेरे, तर त्वरण गुरुत्वाच्या अकरा पटीला जातं. सगळी भिस्त वाफेच्या झडपेवरच्या हातावर.

हिशेब चुकलाही. ‘शेरलॉक ज्युनियर’ (1924) मध्ये रेल्वेच्या टाकीतून सुटलेल्या पाण्याच्या लोंढ्याने कीटनला रुळांवर आपटलं. मानेचं हाड मोडल्याचं बऱ्याच वर्षांनी एक्स-रे काढल्यावर कळलं. पाणी मऊ वाटतं, पण एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन.

मूकपटांचा दुसरा विनोदवीर हॅरॉल्ड लॉइड याची पद्धत वेगळी. ‘सेफ्टी लास्ट’ (1923) मध्ये तो उंच इमारतीवरच्या मोठ्या घड्याळाच्या काट्याला लटकतो. ती घड्याळाची भिंत लॉस एंजेलिसमधल्या खऱ्या इमारतींच्या गच्च्यांवर उभारलेली होती. कॅमेरा अशा कोनात ठेवला की गच्चीची कड चौकटीबाहेर जाई आणि भिंतीमागे थेट खालचा रस्ता दिसे. लॉइडच्या खाली गाद्या घातलेला मचाण होता आणि दूरच्या दृश्यांत बदली माणूस चढला. तरीही 1919 च्या स्फोटात उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गमावलेल्या माणसाने तिथे लटकावं, हे काही कमी नाही.

शंभर वर्षांनीही हे का चालतं? आमच्या मते मुख्य कारण हे की आपण वजन ओळखतो. पडणारी वस्तू किती वेळात खाली येते हे डोळ्यांना लहानपणापासून पाठ असतं. ते जुळलं की धोका खरा वाटतो. मूकपटाच्या विनोदवीरांना हा वेळ थोडा बदलताही येत असे.

त्या काळच्या 35 मिलिमीटर कॅमेऱ्यात हाताने फिरवायच्या हँडलच्या एका फेऱ्याला आठ फ्रेम, म्हणजे आठ स्थिर चित्रं, पुढे सरकत. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे 16 फ्रेम, हा जुना प्रघात. चित्रण करताना हँडल सावकाश फिरवलं आणि फिल्म नेहमीच्या वेगाने दाखवली की पडद्यावर गडबड उडे. दादासाहेब फाळक्यांनी भांडवल मिळवण्यासाठी रोपाची वाढ चित्रित केली ती याच तत्त्वाचं टोक गाठून, म्हणजे बऱ्याच अंतराने एकेक फ्रेम घेऊन.

पण चाल आणि पडणं एकाच प्रमाणात बदलत नाहीत. पडद्यावरचा वेग दीडपट केला की चालणं दीडपट होतं, पण भासणारं गुरुत्व दीडाच्या वर्गाने, 2.25 पट होतं. 165 सेंटिमीटरचा माणूस 73 सेंटिमीटरच्या बाहुलीसारखा आदळतो. लहान मॉडेल चित्रित करणारे हाच नियम उलटा वापरतात. एक नवमांश आकाराचं जहाज खरं वाटावं म्हणून ते सेकंदाला तिप्पट फ्रेम घेऊन चित्रित करतात आणि नेहमीच्या वेगाने दाखवतात. 18 फ्रेमने घेऊन 22 ने दाखवलं तर गुरुत्व दीडपट भासतं. माणूस माणूसच राहतो, आपटणं मात्र लागत नाही. विनोदाला एवढंच पुरतं.

बोलपटांनी 24 फ्रेम कायम केल्या, कारण वेग हलला तर आवाजही चढतो-उतरतो. मग 16 च्या जुन्या फिल्मही 24 ने धावू लागल्या. 1000 फुटी रीळ 16 मिनिटं 40 सेकंदांऐवजी 11 मिनिटांत संपू लागलं आणि चॅप्लिनची बारीक थबक, वळून पाहणं, ओशाळणं दिसेनासं झालं. काही प्रतींत दर दुसरी फ्रेम दोनदा छापून 16 च्या 24 केल्या. वेग सुधारला, हालचाल मात्र अडखळती झाली.

आपल्याकडच्या प्रतीचा मूळ वेग तपासता येतो. छातीच्या उंचीवरून, साधारण 1.25 मीटरवरून सुटलेली जड वस्तू शोधा. फुलदाणी उत्तम, टोपी नको, ती हवेत रेंगाळते. एवढं अंतर पडायला अर्धा सेकंद लागतो. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजा आणि येणारा आकडा दुप्पट करा. आठ आल्या तर 16, बारा आल्या तर 24. तंतोतंत सारख्या जोडफ्रेम एकच धरा, आणि दोन-तीन वेगळ्या प्रसंगांत मोजा, कारण हँडल फिरवणारा हात प्रत्येक दृश्यात तोच वेग ठेवत नसे. आकडा 18 च्या आसपास आला आणि प्रत 24 ने धावत असेल, तर प्लेअरचा वेग 0.75 वर ठेवा. संगीत बिघडेल, ते बंद करा.